एका बेडकाची उधारी

शकुमावशीच्या दुकानात हिरवे डगले दोनच होते, आणि धम्मपालने ते शनिवारसाठी पाच जणांना देऊन टाकले. त्यासाठी त्याला जागचं उठावंही लागलं नाही. तो अंधेरीच्या ऑफिसात दुसऱ्याच कुणाच्या वेबसाइटचं बटण निळं करत बसला होता, आणि मावशीची वेबसाइट, जी त्याने रविवार घालवून स्वतःच्या हाताने बनवली होती, आपोआप बुकिंग घेत होती. बुकिंग झालं की त्याचा फोन टिंग करायचा, आणि तो आसपास असं बघायचा, जणू घरात पाळणा हललाय.

शुक्रवारी दुपारी मावशीचा फोन आला.

"धम्मा, उद्या त्या शाळेत पोपट, मिरची, भेंडी, झाड आणि बेडूक. बरोबर?"

"हो मावशी. सगळी आपल्या साइटवरून. झकास ना?"

"झकास. आता मला सांग, दोन डगल्यांत मी पाच पोरं कशी कोंबू?"

शकुमावशीचं दुकान मुलुंडला, शाळांच्या रस्त्यावर. पाटी 'शकुंतला ड्रेसवाला' अशी आहे. 'वाली' का नाही, असं विचारलं तर ती म्हणते, रंगाऱ्याने लिहिलं तेव्हा मी आत शिवत होते. इथे मुलांच्या कार्यक्रमांचे ड्रेस भाड्याने मिळतात. डगला म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा एकसंध ड्रेस. त्यावर चोच लावली की पोपट, देठाची टोपी घातली की मिरची.

ती मूळची देवगडकडची. सासरे गिरणीत होते, नवरा जयवंत मुलुंडच्याच एका कारखान्यात. कारखाना बंद पडला तेव्हा शकुमावशी ब्लाउज शिवत होती. शेजारणीच्या मुलीला शाळेत फुलपाखरू व्हायचं होतं, म्हणून हिने पंख शिवून दिले. कार्यक्रम झाला आणि शेजारीण फुलपाखरू परत घेऊन आली, घरात ठेवायला जागा नाही म्हणून. "शिवलेला ब्लाउज कधी परत येत नाही," मावशी सांगते, "फुलपाखरू आलं. तेव्हाच मला कळलं, हा धंदा वेगळा आहे." आता जयवंतकाका ड्रेस धुतात आणि सोसायटीच्या गच्चीवर वाळत घालतात. गच्चीवर टांगलेला वाघ बघून वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण एकदा जिन्यातूनच माघारी फिरली होती.

धम्मपाल या दुकानात प्रथम आला तो गिऱ्हाईक म्हणून. तो मेहकरचा. त्याच्या शाळेत वेशभूषा म्हणजे मोठ्या भावाची पँट आणि कोळशाची मिशी. मुंबईत मुलाखतीला कोट हवा होता आणि विकत घ्यायची ऐपत नव्हती. मावशीने त्याला खालून वर न्याहाळलं आणि आतून, कॉलेजच्या नाटकांसाठी ठेवलेला, मोठ्या मापाचा एक काळा कोट आणला.

"हा वकिलाचा. गळ्यातली पांढरी पट्टी काढली की साहेबाचा."

त्या कोटात त्याला नोकरी लागली. म्हणजे एकाच कपड्याचे दोन ड्रेस होतात, हे या माणसाने स्वतःच्या अंगावर घालून पाहिलं होतं. हे पुढच्या प्रकारात लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच्या स्वतःच्या लक्षात राहिलं नाही.

कोट परत करायला गेला आणि म्हणाला, मावशी, तुमची वेबसाइट बनवून देतो.

"ती नक्की असते कुठे?" मावशीने विचारलं. तिला टाळायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते दुसरं दुकान समजा. नाव आपलं. जागा भाड्याची, लांब कुठेतरी."

"जागामालक भाडं वाढवतो?"

"दरवर्षी."

"मग ओळखीचाच दिसतो."

धम्मपालने कागदावर चार चौकोन काढले. पहिलं पान, ड्रेस, आमच्याविषयी, संपर्क. मावशीला उघडल्या उघडल्या मोर नाचायला हवा होता. तो म्हणाला, मोर नाचेपर्यंत गिऱ्हाईक पळतं. ती म्हणाली, मोर बघून पळालेलं परत येतं. शेवटी मोर कोपऱ्यात उभा राहिला, नाचला नाही. 'आमच्याविषयी'साठी त्याने "बालकलाकारांच्या सेवेत तत्पर" असं काहीतरी लिहून आणलं होतं. मावशीने ते ऐकून घेतलं आणि दुसरंच सांगितलं: "ड्रेस ओला परत करू नये. मूल रडत असेल तर आधी फोन करावा." तेवढंच गेलं.

मग गच्चीवर फोटो. जयवंतकाकांनी मागे पांढरी चादर धरली, मावशी लहान मुलाच्या मापाच्या पुतळ्याला सजवू लागली. धम्मपालचे डोळे फोनच्या पडद्यात. सावली पडते का, चादरीची सुरकुती दिसते का. हिरवा पोपट आला, हिरवी मिरची आली, हिरवी भेंडी आली.

"सगळं आजच काढायचंय का रे?" मावशीने विचारलं. "नुसती डोकी बदलत बसायची म्हणजे वैताग."

"बदला ना मावशी. मला घाई नाही."

आणि त्याने प्रत्येक फोटोखाली लिहिलं: नग एक.

साइट सुरू झाली. त्याच आठवड्यात जवळच्याच शाळेतल्या माधुरी टीचरनी तिची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. बालवाडीचा विषय होता 'निसर्ग आपला मित्र', आणि निसर्ग म्हटल्यावर आयांना हिरवंच आठवतं. एक पोपट दोनदा जाऊ नये, एवढी काळजी धम्मपालने घेतली होती. पोपट आणि भेंडी आतून एकच आहेत, हे वेबसाइटला कुणी सांगितलं नव्हतं.

तो अर्धी सुट्टी टाकून मुलुंडला पोचला, तेव्हा मावशी गल्ल्यामागे हाताची घडी घालून बसली होती.

"मी डोकी बदलत होते ती तुझ्यासमोरच ना?"

"मला वाटलं, तुम्ही प्रत्येक वेळी आतून दुसरा आणताय."

"मेल्या, पुतळ्याचं एक बटणही सोडलं नव्हतं." मग म्हणाली, "माझंही चुकलं. तूच म्हणालास, कॉम्प्युटरला सगळं कळतं. मला वाटलं, कळलं असेल."

जयवंतकाका आतून म्हणाले, "चूक वाटून झाली असेल, तर दोघं मिळून उरलेल्या पोरांचं बघा आता."

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जानेवारीत त्याच शाळेचं गॅदरिंग होतं, सगळ्या वर्गांचे सगळे नाच. ठाण्याचं एक मोठं दुकान त्यासाठी टीचरना भेटून गेलं होतं, आणि मावशीचं अर्धं वर्ष त्या गॅदरिंगवर चालायचं. ड्रेस मिळाला नाही म्हणून एखादं पोर रडलं, तर टीचर काही बोलणार नाहीत, फक्त ठाण्याला फोन करतील.

"उद्या एक जरी पोर रडलं," मावशी म्हणाली, "तर तुझं ते दुसरं दुकान बंद. त्याचं शटर कुठे असतं ते मला आत्ताच दाखवून ठेव."

पोपट आणि मिरची सकाळीच डगले घेऊन गेले होते. राहिले तिघं. भेंडीच्या आईला फोन लावला, तर ती म्हणाली, भाजी सांगितली होती, फ्रिजमध्ये भेंडी दिसली म्हणून भेंडी दाबली. तिला गाजर चाललं. झाडाचे वडील म्हणाले, आमच्याला नुसतं उभं राहायचंय, बोलायचं काही नाही. जयवंतकाकांनी अस्वलाचा तपकिरी डगला काढला, कान आत दुमडून टाके घातले आणि कापडी पानं डकवली. लांबून झाड वाटत होतं. जवळून, मनात काहीतरी असलेलं झाड.

मग बेडूक आला. म्हणजे प्रांजल आणि तिची आई उत्तरा. प्रांजल बालवाडीत असली तरी तिला ठाऊक होतं की आपण बेडूक बुक केलाय. तिने स्वतः बोट लावलं होतं. ती बाकावर चढून बसली.

"ससा होतेस गो?" मावशीने विचारलं. "मऊ मऊ आहे बघ."

"ससा बेडूक नसतो."

मावशीने सशाला परत आत ठेवलं. हत्ती दाखवला, ढग दाखवला. प्रांजलची हनुवटी हलायला लागली. उत्तरा हळूच म्हणाली, "गेला आठवडाभर घरात उड्या मारतेय हो. खालचे वर येऊन गेले."

धम्मपाल बाकासमोर उकिडवा बसला. अशा वेळी डोक्यात नको ते येतं, तसं त्याला मेहकरच्या शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. त्यातलं बेडकाच्या वाढीचं गोल चित्र त्याने इतकं छान काढलं होतं की सरांनी वर्गात फिरवलं होतं.

"बेडूक लहान असताना कसा असतो, माहितीये?"

"छोटा."

"नाही. काळा. त्याला पाय नसतात. शेपूट असते."

प्रांजलने आईकडे पाहिलं. आईने फोनमध्ये पाहिलं. मावशी गल्ल्यामागून उठून आली.

"शेपूट? काय सांगतोस? आमच्या विहिरीत असायचे काळे काळे. आम्ही मासेच समजायचो रे."

"ते बेडूकच मावशी. आधी पाण्यात राहतात. मग पाय फुटतात, शेपूट जाते, आणि मग उडी."

"एवढी वर्षं माका कुणी सांगूक नाय," मावशी म्हणाली, आणि थेट आत गेली. काळ्या मांजराचा डगला घेऊन आली. कान उसवले, शेपटीत कापूस भरून ती चपटी, रुंद केली. प्रांजलने शेपटी हलवून पाहिली. मग सौदा सुरू झाला.

"बेडूक कधी?"

"पाय फुटले की."

"कधी फुटणार?"

"पुढच्या वर्षी. तुझा बेडूक राखून ठेवतो."

"गॉड प्रॉमिस?"

"नुसतं प्रॉमिस. आमच्याकडे नुसतंच चालतं."

शनिवारी धम्मपाल आणि मावशी शाळेच्या हॉलमध्ये मागे भिंतीला टेकून उभे होते. मावशीच्या पदराला सुईदोरा टोचलेला. पोपट ओळी विसरला. गाजर व्यवस्थित. झाडाला खाज सुटली आणि ते भरपूर हललं, पण वारा म्हणून खपलं. मग प्रांजल आली, शेपटी ओढत.

"मी बेडकाचं पिल्लू," ती म्हणाली. "मला पाय नाहीत."

आणि दोन पायांवर चालत पुढे आली. हॉल हसला. वाईट नव्हता कुणाचा हेतू, पण हॉल मोठा होता आणि प्रांजल लहान. ती थबकली. तीच हनुवटी पुन्हा हलली. मावशीने धम्मपालचं मनगट धरलं, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटांत किती जोर असतो ते त्याला कळलं.

प्रांजलने हसणाऱ्यांकडे पाहिलं, मग लांब मागच्या भिंतीकडे.

"येणार आहेत पाय," तिने ठणकावून सांगितलं. "पुढच्या वर्षी. त्या दादाने प्रॉमिस केलंय."

सगळ्या हॉलने वळून दादाकडे पाहिलं. दादा वकिलाच्या कोटात असता तरी तेव्हा सुटला नसता.

कार्यक्रमानंतर माधुरी टीचर मावशीजवळ आल्या. "हे पिल्लू वेबसाइटवर दिसलं नाही मला."

"नवीन आहे, टाकायचंय," मावशी बिनदिक्कत म्हणाली.

"टाका. आणि सोमवारी या, गॅदरिंगचं बोलून घेऊ."

साइट बंद करायला आता कुणी सांगत नव्हतं, तर ती धम्मपालनेच बंद केली. पहिल्या पानावर लिहिलं, 'दुकान आवरतोय', आणि सुट्टीच्या दिवशी मावशीच्या दुकानात स्टुलावर बसू लागला. फोन खिशात. नुसतं बघायचं. त्याला प्रथमच कुतूहल वाटत होतं की हे चालतं तरी कसं. लोक आल्या आल्या ड्रेस मागतच नाहीत. दारातूनच म्हणतात, "उद्या आहे हो." मावशी आधी दिवस विचारते, मग मुलाची उंची, आणि मूल सोबत असेल तर शेवटी त्यालाच, काय व्हायचंय. धम्मपालच्या साइटवर हे सगळं उलटं होतं. आधी शंभर फोटो, आणि तारीख अगदी तळाशी.

त्याने चार चौकोनांचा कागद टाकून दिला. नव्या साइटवर पहिला प्रश्न 'कार्यक्रम कधी?' आतल्या बाजूला आता पोपट नावाची वस्तूच नाही. डगला वेगळा, डोकं वेगळं, हातातलं वेगळं. एक मिरची गेली की एक हिरवा डगला कमी होतो; दुसराही गेला की भेंडीपासून बेडकापर्यंत सगळे आपोआप फिके पडतात. जयवंतकाकांच्या आग्रहावरून, परत आलेल्या ड्रेसचा गच्चीवरचा एक दिवसही धरला. मोराने मात्र जिंकलं. तो आता एकदा पिसारा फुलवतो.

सगळं तपासून झाल्यावर धम्मपालने पहिलं बुकिंग स्वतः केलं. पुढच्या वर्षीची अंदाजे तारीख, बेडूक, नाव प्रांजल. पान पुढे सरकेना. लाल अक्षरं आली: उंची भरा. उंचीशिवाय बुकिंग घ्यायचं नाही, हा नियम त्यानेच घातला होता.

"पुढच्या वर्षीची उंची आत्ता कशी सांगू?" मावशी म्हणाली. "वाढतं पोर. यातला एकही डगला तिला येणार नाही तेव्हा. नवाच शिवायला हवा."

"मग शिवूया ना."

"कापड आण आधी. प्रॉमिस तुझं होतं, माझं नव्हतं."

प्रांजल शाळेतून जाताना अजून दुकानाच्या पायरीशी थांबते. एक बूट पुढे करून दाखवते.

"पाय आले."

"आणि शेपूट गेली का?" मावशी मशीनवरून मान वर न करता विचारते.

प्रांजल मागे वळून नीट बघते. "गेली."

"बरं. दादाला सांगते."

दादाने कापड अजून आणलेलं नाही. साइटवर पुढच्या वर्षीच्या त्या तारखेला बेडूक अर्धवट भरून ठेवलाय, आणि त्याच्याखाली लाल अक्षरं तशीच आहेत.