कापलेल्या फोटोतली खुर्ची

दुपारी दोनच्या उन्हात लखनौच्या महानगर कॉलनीतल्या गल्ल्या अशा ओस पडायच्या, की सायकलची घंटी वाजली तरी लोक खिडकीत यायचे. नेमक्या त्याच वेळी दिनकर हळबे चपला घालायचे.

"अहो, आता कुठे?" सरला विचारायची.

"आलो जरा."

जरा म्हणजे दीड तास. कॉलनीत कुठल्या घरात म्हातारी बाई एकटी राहते, हे त्यांना पाठ होतं. फाटकाशी रेंगाळायचं, दाराला आतून कडी आहे का बघायचं, कुणी अनोळखी माणूस पायरीवर दिसला की त्याला हटकायचं. एकदा एका बँक मॅनेजरच्या आईने यांनाच चोर समजून आरडाओरडा केला होता. देविका, त्यांची मुलगी, कॉलेजातून आली की वैतागायची, "पापा, लोग बातें करते हैं." मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदीतच.

हळबे मूळचे मिरजेचे. हवाई दलात फोटो विभागात पंधरा वर्षं काढली, शेवटची बदली लखनौला झाली आणि ते इथलेच झाले. कपूरथला बाजारात छोटासा स्टुडिओ टाकला. पासपोर्ट, लग्नं, मुंजी. आणि पोलिसांचं बोलावणं आलं की कॅमेरा घेऊन जायचं, कारण ठाण्याकडे हातचा फोटोग्राफर नव्हता. 'मास्टर' म्हणायचे त्यांना शिपाई.

त्या कामातच हे लागलं मागे. पंच्याऐंशी ते एक्क्याण्णव या सहा वर्षांत शहराच्या या बाजूला पाच म्हाताऱ्या बायकांचे खून झाले. सगळ्या एकट्या राहणाऱ्या. सगळ्या भर दुपारी, गळा आवळून. दार कुठेच फोडलेलं नव्हतं. बाईनेच उघडलेलं. पाचही ठिकाणी फोटो काढले हळब्यांनी.

तिसऱ्या खुनात पोलिसांनी त्या घरी कामाला येणारा घरगडी रामसजीवन याला धरला. तपास अधिकाऱ्याने हळब्यांना बजावलं होतं, "मास्टर, बस माताजी और टूटी अलमारी दिखे. बाक़ी फ़ालतू सामान हटाओ." हळब्यांनी मोठा फोटो करताना कडा कापल्या. कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं, की हा फोटो मीच काढलाय आणि त्यात काही फेरफार नाही. रामसजीवनला जन्मठेप झाली. तो आत असताना आणखी दोन बायका गेल्या. पोलीस म्हणाले, ही दुसरी टोळी.

तेव्हापासून हळब्यांना दुपारी घरात बसवेना.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत सब-इन्स्पेक्टर वंदना सक्सेना त्यांच्या दारात उभी राहिली. तिशीची, काटकुळी, हातात कापडी पिशवी. रामसजीवनचं अपील हायकोर्टात निघालं होतं, कोर्टाने मूळ कागद मागवले होते, आणि फाइलला वाळवी लागलेली. नवीन पोरगी म्हणून हे निस्तरायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"निगेटिव्ह होंगे आपके पास?" तिने विचारलं.

हळबे आत गेले आणि मिठाईचे पाच डबे घेऊन आले. एकेका डब्यावर एकेका बाईचं नाव. वंदना बघतच राहिली.

"या वेळी काही कापणार नाही," ते मराठीतच पुटपुटले आणि मग हिंदीत म्हणाले, "दो दिन दीजिए. पूरा प्रिंट दूँगा."

बिनखिडकीच्या न्हाणीघरात त्यांनी लाल दिवा लावला. निगेटिव्हच्या टोकापासून टोकापर्यंत सगळं कागदावर उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर पस्तीस फोटो पसरले. भिंगातून एकेक बघत बसले. चेहरे, बांगड्या, सांडलेलं पाणी, उघडी कपाटं. नव्याने काहीच दिसेना. उठून येरझाऱ्या घालायचे, पुन्हा बसायचे. चहा गार झाला.

सरला कप उचलायला आली. इतक्या वर्षांत तिने हे फोटो कधी पाहिले नव्हते. तिने मेलेल्या बायकांकडे बघायचं टाळलं आणि नजर बाजूला नेली.

"ह्यांना बरे मिळाले वेत विणणारे. मी दहा वर्षं तुमच्या मागे लागलेय, आपल्या खुर्च्या लोंबताहेत म्हणून."

"काय म्हणालीस?"

"बघा की. सगळ्यांच्या खुर्च्या नव्या कोऱ्या विणलेल्या."

हळब्यांनी भिंग पुन्हा फोटोंवर धरलं. खरंच होतं. पाचही घरांत भिंतीशी एक तरी जुनी लाकडी खुर्ची होती. लाकूड काळवंडलेलं, बैठकीची जाळी मात्र पांढरीशुभ्र, ताणलेली. ज्या फोटोमुळे रामसजीवन आत गेला, त्यातली खुर्ची नेमकी त्यांनी कापलेल्या भागात होती. भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसली: कडेची पट्टी प्रत्येक ठिकाणी डाव्या कोपऱ्यात संपवून तिच्यावर उलटा पीळ दिला होता.

त्यांना बसवेना. तसेच रिक्षा करून ते ठाण्यावर गेले.

वंदनाने फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, "कुर्सी बुनने में कितना टाइम लगता है?"

"एक दिन. दो भी."

"मतलब दो दिन घर के बरामदे में बैठा रहा."

कोण कधी झोपतं, दूधवाला कधी येतो, मुलगा परगावी आहे का, सगळं विणणाऱ्याला आपसूक कळत होतं. आठवड्याने 'वीण सैल पडली का बघतो' म्हणून आला, तर बाई दार उघडणारच.

दोघं अमीनाबादला गेले. कापडबाजाराच्या मागे वेताची दोन दुकानं होती. तिथे पुत्तन नावाचे म्हातारे कारागीर पायात चौकट धरून विणत बसलेले. त्यांनी फोटो डोळ्यांशी नेला.

"यह बाएँ हाथ का काम है. ऐसा पेच किशोरी देता था. बरेली से सीखकर आया था."

"अब कहाँ है?" वंदनाने विचारलं.

"कानपुर. इक्यानवे में चला गया."

एक्क्याण्णवनंतर लखनौत तसा खून झाला नव्हता. वंदनाने कानपूरला फोन लावला. ती बोलत असताना हळबे तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. तिने रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, "वहाँ दो हुए हैं. तिरानवे में, और पिछले साल."

हळबे बाकावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. त्या दोन बायकांचे फोटो त्यांनी काढले नव्हते. पण रात्रंदिवस आता त्याच दोघी डोळ्यांपुढे येणार, हे त्यांना तिथेच कळलं.

पुढचं काम वंदनाने चिकाटीने केलं. मयत बायकांच्या नातलगांकडे जाऊन तिने तीन खुर्च्या शोधल्या, त्या उलट्या केल्या आणि पुत्तनमियाँकडून त्यांची वीण तपासून घेतली. दुसऱ्या खुनाच्या घरात पाण्याच्या पेल्यावर अंगठ्याचा ठसा मिळाला होता. तो रामसजीवनचा नव्हता, म्हणून कुणी त्याची पर्वा केली नव्हती. किशोरीला कानपुरात एका बंगल्याच्या ओसरीवर विणतानाच पकडलं. ठसा त्याच्या डाव्या अंगठ्याशी जुळला. त्याच्या बायकोच्या मनगटावर चौथ्या बाईचं घड्याळ होतं. तिला बिचारीला ते बाजारातलं वाटत होतं.

सत्त्याण्णवच्या मेमध्ये हायकोर्टाने रामसजीवनला सोडलं. दहा वर्षं झाली होती. हळबे तुरुंगाच्या फाटकाबाहेर सकाळपासून उभे होते. सरला म्हणाली होती, "तुमचा काय संबंध? उगीच का जाता?" तरी ते चपला घालून निघाले होते.

रामसजीवन बाहेर आला तो पांढऱ्या केसांचा. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. हळबे पुढे झाले आणि एका दमात सगळं बोलून गेले. फोटो मी काढला होता. खुर्ची मी कापली. कोर्टात खोटं बोललो.

रामसजीवनने त्यांना ओळखलं नाही. तो उन्हाकडे डोळे बारीक करून बघत होता.

"कुर्सी तो हमने दरोगा जी को बताई थी साहब," तो म्हणाला. "दो दिन चाय हमने ही पिलाई थी उसको. किसी ने लिखा नहीं."

मग त्याने विचारलं, "हरदोई की बस अब भी कैसरबाग से मिलती है?"

हळब्यांनी त्याला रिक्षात घालून कैसरबागला नेलं. वाटेत रामसजीवन दुकानांच्या पाट्या वाचत होता. गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. तो बसला, मांडीवर गाठोडं घेतलं आणि हळब्यांना म्हणाला, "आप जाइए, धूप बहुत है."

ते गेले नाहीत. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.