सावलीतली वाहनं

चावरे सरांशी बोलायचं तर डोक्यावर हेल्मेट हवं, असं आम्ही म्हणायचो. खरं आडनाव वेगळं. चावरे हे आम्हीच ठेवलेलं. नाशिकचे काही सिग्नल आमच्या कंपनीकडे देखभालीला होते आणि सर आमचे प्रमुख. माझं पहिलंच काम बघून म्हणाले, "बाई, डिग्री काय आहेरात आली का?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तेच काम त्यांनी डांबरावर मांडी घालून मला शिकवलं, तेही शिव्या देतच. खोटं कशाला बोलू, मला हा माणूस फार आवडायचा.

आमचं काम लूपचं. रस्त्यात खाच पाडून तारेचं वेटोळं पुरायचं. त्यावर गाडीचं लोखंड आलं की सिग्नलला कळतं, कुणीतरी थांबलंय, हिरवा द्या. कुणी नसेल तर त्या बाजूची पाळीच येत नाही. सर म्हणायचे, "देवाला न सांगता कळतं. या मेल्याच्या छातीवरच चढावं लागतं."

चांदवडच्या वाटेवरच्या एका चौकात मात्र गावाकडच्या बाजूला हिरवा येईचना. तार तर ठणठणीत. शेवटी मे महिन्यातल्या दुपारी सर स्वतः तिथे जाऊन बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. पांढऱ्या पट्टीच्या बरंच मागे एक चिंच होती. आमचे लोक! लाल दिवा दिसला की ट्रॅक्टर काय, मोटारसायकली काय, सगळे चिंचेखालीच थांबायचे. लूप पट्टीपाशी, गाड्या सावलीत. सिग्नलच्या लेखी रस्ता रिकामा.

"अरे शहाण्यांनो, उन्हात या! सावलीतला माणूस यंत्राला दिसत नाही!" सर ओरडले.

कांद्याच्या ट्रॅक्टरवरून एकजण म्हणाला, "सायेब, यंत्रालाच म्हणा हितं ये. लय गार हाय."

त्या चिंचेखाली एक मावशी गजरे विकायची. थांबणाऱ्या गाड्यांवरच तिचं पोट. सर तिलाही सोडत नसत. "म्हातारे, तुझ्या झाडानं माझा सिग्नल आंधळा केला." ती म्हणायची, "गजरा घे आन् बायकोला दे, म्हंजे तोंड गोड व्हईल तुझं." सर रोज गजरा घ्यायचे. बायको त्यांना केव्हाच सोडून गेली होती. गजरे गाडीच्या आरशाला वाळत लटकायचे.

सरांनी वर लिहून कळवलं: झाडामुळे वाहने मागे थांबतात, तरी झाडाखाली आणखी एक लूप टाकण्यास मंजुरी मिळावी. वरच्यांनी अर्धंच वाक्य वाचलं. लूप काही मंजूर झाला नाही, करवत तेवढी आली.

आम्ही पोचलो तोवर चिंच आडवी झाली होती. मावशी टोपली मांडीवर घेऊन दुभाजकावर बसलेली, भर उन्हात. 

"तूच लिहून दिलंस ना रे? झाड तोडणारे सांगत व्हते," मावशी म्हणाली.

"हो," सर म्हणाले. मी मध्ये पडून समजावू लागले तर त्यांनी मला हातानेच गप्प केलं. मावशी पुन्हा कुठल्याच चौकात दिसली नाही. सर मात्र प्रत्येक चौकात गाडी हळू करायचे.

सिग्नल आता झकास चालतो. उन्हात मागे कशाला कोण थांबेल? सरांचा सत्कारही झाला. "यांनी समस्येच्या मुळावरच घाव घातला," असं वरचे साहेब माइकवरून म्हणाले आणि लोक चक्क हसले. मेल्यांना लाजही वाटली नाही. मग शाल, टाळ्या आणि रिवाजाप्रमाणे कुंडीतलं एक रोप.

खाली उतरल्यावर सरांनी मला सांगितलं की राजीनामा सकाळीच दिलाय. ते रोप माझ्या हातात ठेवलं.

"घरी ने," म्हणाले. "पाणी घाल. आणि कुठल्याही कागदावर याचं नाव लिहू नकोस."