मिटलेली छत्री
कपाटामागे लाकडी मुठीची काळी छत्री सापडली आणि नव्वदच्या दशकातला, जपानमधल्या त्सुकुबा शहरातला एक हिवाळा आठवला. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे होतो. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या आजींचा अकिता जातीचा दांडगा कुत्रा बांधलेला असायचा आणि मी कचरा टाकायला निघाले की तो नेमका माझ्यावरच गुरगुरायचा. "जातच तसली त्याची," मी म्हणायचे. "कुत्रा शिकवाल तसा होतो," नवरा म्हणायचा. "चावत नाही तो," असं म्हणत आजी हसायच्या, पण मला त्या हसण्याचाही भरवसा वाटत नसे. आभाळ निरभ्र असलं तरी मी ही छत्री मिटून, काठीसारखी घट्ट धरूनच जायचे. एकदा बाटल्यांचाही कचरा होता, दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून छत्री घरीच राहिली. त्या दिवशी कुत्र्याने गार नाक माझ्या हाताला लावलं, वास घेतला आणि मुकाट्याने जाऊन उन्हात अंग टाकलं. "आधीचा मालक याला काठीने मारायचा," दारातून बघत असलेल्या आजी म्हणाल्या. मग किंचित वाकून त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "तुमच्या देशात सगळेच छत्री अशी धरतात, की तुम्हाला कोणी शिकवलं?" आजही मी छत्री टाकली नाही. हात घातला की सापडेल अशी पुन्हा कपाटामागे ठेवली.