जावेची उत्तरं

आमच्या घरातले सगळे फॉर्म मी भरते. रेशनकार्ड, पीकविमा, मुलांचे दाखले, सगळं. नावापुढे सही ज्याची त्याची, वरचा मजकूर माझा. कसबा बावड्यात आमच्या आळीत बहुतेक घरांत अशी एक बाई असतेच, आणि त्यात काही चुकतं असं कधी कुणाला वाटलं नव्हतं.

धाकट्या जावेला लहानपणापासून फिट येते. लग्नाच्या वेळी तिच्या माहेरच्यांनी ते लपवलं नव्हतं. तिच्या फिटची वही मी ठेवते: तारीख, वेळ, किती मिनिटं, जीभ चावली का. गेल्या वर्षी वहीत दोन तऱ्हा दिसू लागल्या. एक जुनी: डोळे उघडे, ओठ निळे, दोन मिनिटांत संपणारी. दुसरी नवी: डोळे घट्ट मिटलेले, पंधरा-वीस मिनिटं थरथर, आणि शेवटी रडणं.

डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोर तिच्या मेंदूचा आलेख काढला आणि मला नि दिरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, समोर बसवून सांगितलं, "हिला दोन्ही आजार आहेत. पहिली फिट मेंदूतल्या विजेची. दुसरी मनावरच्या ताणाची, पण तीही ती मुद्दाम करत नाही. दुसरीवर बोलून उपचार होतील. पहिलीच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येते, जीव जाऊ शकतो."

मग दुसरीच्या उपचारांसाठी व्यक्तिमत्त्वाची चाचणी ठरली. त्या दिवशी तिच्याबरोबर मी एकटीच गेले. मानसतज्ज्ञ बाईंनी जाडजूड पुस्तिका दिली. शेकडो वाक्यं, प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक'. "तिचं तिलाच लिहू दे," असं मला बजावून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

गोळ्यांमुळे जाऊ सावकाश वाचते. पाऊण तासात चार पानं झाली. घरी शेतातलं तण काढायला, भांगलणीला, बायका सांगितल्या होत्या, त्यांच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. मी पेन्सिल घेतली.

"'कोणीतरी सतत माझ्यावर नजर ठेवून असतं,'" मी वाचलं.

"व्हय की. तुमीच की अक्का," ती हसली. "न्हाणीची कडीबी काढून ठेवलीसा."

"ते तुझ्या जिवासाठी हाय गं. असलं लिवतात व्हय?" मी 'चूक'वर खूण केली.

"'मला वारंवार रडू येतं.'"

तिच्या उत्तराची वाट न बघता मी 'चूक' केलं. पुढची वाक्यं मोठ्यानं वाचणंही मी सोडून दिलं. तासाभरात पुस्तिका भरून झाली.

आठवड्याने, रविवारी दुपारी, दीर अहवाल घेऊन आले. त्यात दोन गोष्टी होत्या. विशेष मानसिक त्रास आढळला नाही, ही पहिली. दुसरी त्याच्या खाली होती: उत्तरं फार सावरून दिलेली वाटतात, त्यांवर विसंबू नये, चाचणी पुन्हा घ्यावी. दिरांनी पहिलीच मोठ्यानं वाचली.

"बघ, मन ठीक हाय म्हणत्यात," ते सासूबाईंना म्हणाले. "मग थरथरतीया ती कशानं?"

"नाटकं, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या. "आन् त्या गोळ्यांनीच सुस्तावलीया. बंद कर बघू. कामाला लागली की आपसूक बरी हुईल."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय, भावजी?" मी म्हटलं.

"वैनी, डॉक्टरचंच हाय की ह्ये लिवलेलं."

खालची ओळ मी वाचली होती. ती उत्तरं माझी आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण सगळ्यांसमोर, आणि तेही जाऊ दारात उभी असताना, माझी जीभ उचलेना. दिरांनी गोळ्यांचा डबा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. उद्या सकाळी एकटे सापडले की सांगू, असं मी ठरवलं. सोमवारी सकाळी ते लवकर गेले. संध्याकाळी पाहुणे होते.

त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या भाकऱ्या थापताना जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, ती जुनी मोठी फिट आली तर तुमी तरी वळखाल न्हवं?"

"काय येत न्हाय," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी ती गोठ्याजवळ पडली. "शिवू नगासा," सासूबाई ओरडल्या, "कुणी बघितलं न्हाय की उठंल आपली आपण!" दीर हाताची घडी घालून उभे राहिले. मी जवळ गेले. डोळे उघडे होते. ओठ निळे. मी तिला कुशीवर वळवलं. झटके थांबले, पण ती शुद्धीवर यायच्या आतच पुन्हा सुरू झाले.

"गाडी काढा!" मी म्हटलं. "त्या कागदावरची उत्तरं माझी हायत. तिची न्हायत."

दिरांना काही कळलं नाही, पण गाडी त्यांनी काढली. वाटेत तिसरी आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

दिरांनी खिशातली किल्ली चाचपली.

"रविवार संध्याकाळ, सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ आणि आज सकाळ," मी म्हटलं. "चार वेळा चुकल्या."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

दीर माझ्याकडे वळले. पडद्याआड लोखंडी खाट पुन्हा खडखडू लागली, आणि नर्सनं डॉक्टरांना हाक मारली.