डोळ्यात उडालेलं पाणी

तळ्याचं पाणी डोळ्यात उडालं तेव्हा मी मोठ्याने ओरडले आणि लगेच लाजले. काठावरून चालणारी दोन माणसं थांबून बघायला लागली होती.

मारतहळ्ळीच्या पुढे, टेक पार्कांच्या मागच्या बाजूला ते तळं आहे. मी आणि माझ्या गाइड मॅडम तिथे गाळ गोळा करत होतो. दोरीला बांधलेली जड बाटली मॅडम वर ओढत होत्या. दोरी हातातून निसटली, बाटली धप्पकन खाली आदळली आणि हिरवट, फेसाळ पाणी थेट माझ्या उजव्या डोळ्यात.

आमचं काम महाकाय विषाणू शोधण्याचं. साधे विषाणू इतके बारीक की कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. हे ठिपक्यासारखे का होईना, पण दिसतात. माणसाच्या ते वाटेला जात नाहीत, असं आजवर तरी मानतात. ते अमीबात शिरतात, त्याच्या पोटात वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. म्हणून त्यांना पकडायला आमिष लागतं ते अमीबाचं. आम्ही लॅबमध्ये काचेच्या चपट्या बाटल्यांत अमीबा वाढवायचो, त्यांच्यावर कुठल्या कुठल्या तळ्यांचं गाळलेलं पाणी घालायचो आणि रोज सकाळी बघायचो, फुटले का. वर्ष उलटत आलं होतं. आमचे अमीबा खाऊनपिऊन मजेत होते.

पण या अमीबाची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली गेली होती. डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ओरखडा असेल आणि तिथे हा पोचला, तर तो पडदा खायला लागतो. सहसा लेन्स वापरणाऱ्यांना होतं. म्हणून लॅबमध्ये लेन्स लावायची नाही, हा नियमच होता. त्या दिवशी लॅबमध्ये जायचं नव्हतं, म्हणून मी लेन्स लावून आले होते.

मी घाईघाईने लेन्स ओढून काढली. बोटाला बारीक वाळू होती, ती डोळ्यात कचकचली. मॅडमनी त्यांच्या पिण्याच्या बाटलीतलं सगळं पाणी माझ्या डोळ्यावर ओतलं. "चुरचुरतंय?" त्यांनी विचारलं. मी कन्नडमध्ये म्हटलं, "स्वल्प." काम संपवून आम्ही निघालो.

राजाजीनगरला घरी पोचले तोवर मनात काही भलतंच घर करून बसलं होतं. चपला काढल्या आणि थेट बाथरूममध्ये गेले. नळ सोडला आणि तांब्या तांब्या पाणी डोळ्यावर मारत राहिले. आई बाहेरून विचारत होती, "अगो, किती वेळ?" थांबायचं धाडस होत नव्हतं. प्रत्येक तांब्यानंतर वाटायचं, अजून आत काहीतरी आहे. रात्री जेवणाआधी परत धुतला, सकाळी उठल्यावर परत.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग डोळा लाल झाला. आई म्हणाली, कण गेला असेल, गुलाबपाणी घाल. मी काही घातलं नाही. त्या संध्याकाळी ठणका सुरू झाला. कपाळापासून कानापर्यंत कोणी सुई ओढून नेतंय असा. खिडकीतला उजेडसुद्धा सहन होईना. अशा रोगात डोळा दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतो, हे मी वाचलेलं होतं. त्या वेळी ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी अण्णा मला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आमच्याकडे वडिलांना अण्णाच म्हणतात. रिक्षात मी ओढणी डोक्यावरून ओढून बसले होते. अण्णा रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सारखं सांगत होते, खड्डे चुकवून चल, मुलीला दुखतंय.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घालून यंत्रातून बघितलं. "नागीण असते तसाच एक संसर्ग वाटतोय," त्या म्हणाल्या. "हा नेहमी बघतो आम्ही. लेन्स वापरता?"

"हो. डॉक्टर, मी अमीबावर काम करते."

त्यांचा लिहिणारा हात थांबला. त्यांनी मला परत खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि या वेळी खूप वेळ बघितलं. मग आतल्या खोलीत नेलं. तिथे डोळ्याच्या थरांचं चित्र पडद्यावर दाखवणारं यंत्र होतं. माझा डोळा यंत्राला टेकलेला होता, पण पडदा बाजूलाच होता. मला डाव्या डोळ्याने तो तिरपा दिसत होता.

काळ्या-करड्या पडद्यावर गोल, चमकते ठिपके होते. काहींना दुहेरी कडा.

मी त्यांना ओळखत होते. रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे मी त्यांना. अमीबाला जगणं कठीण झालं की तो अंगाभोवती दुहेरी कवच बांधून झोपतो. औषध त्या कवचातून आत जायला फार वेळ लागतो. लॅबमध्ये असे कवचवाले दिसले की आम्ही वैतागायचो, कारण मग विषाणूही त्यांच्यात शिरत नाहीत. इथे ते माझ्यात होते.

"ते आहेत," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान हलवली.

"मला दिसेल ना?"

"लवकर आलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण औषध कित्येक महिने लागेल. वचन नाही देत मी."

अण्णा दाराशी उभे होते. डॉक्टरांचं इंग्रजी त्यांना मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "डोळ्यात जंतू आहेत अण्णा, औषधाने जातील." आवाज नीट निघाला. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि रिक्षा मिळेपर्यंत सोडले नाहीत.

थेंब तासातासाला घालायचे होते. खोलीचे पडदे लावले. आईने स्वयंपाक अण्णांवर टाकला आणि ती माझ्या उशाशी बसून राहिली. मी लॅबमध्ये नेमकं काय करते हे तिने पहिल्यांदाच नीट विचारलं. व्हायरस हा शब्द ऐकल्यावर ती जरा मागे सरकली. मी समजावलं, आम्ही शोधतो ते व्हायरस माणसाला मारत नाहीत, ते अमीबाला मारतात.

"मग घाल की तुझा तो व्हायरस डोळ्यात!" ती म्हणाली. "मारू दे त्याला."

मला हसू आलं आणि हसल्याबरोबर इतकं दुखलं की मी रडले. असं औषध अजून नव्हतंच. आणि आमच्याकडे व्हायरस तरी कुठे होता?

संध्याकाळी मॅडम आल्या. खुर्चीच्या कडेला बसल्या. "दोरी माझ्या हातून सुटली," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी खूप अवघडत विचारलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर कॉर्नियावरून किंचित खरवडून तपासायला घेणार होत्या. त्यातला अमीबा वाढलाच, तर त्यातला थोडा लॅबला मिळेल का? तो कुठून आला ते कळलं तर...

आई उठून उभी राहिली. "माझ्या मुलीचा डोळा आहे तो. तळं नव्हे!"

मॅडमचा चेहरा पडला. त्या निघायला उठल्या. मीच म्हटलं, "द्या त्यांना." आईला वाटलं मी कामाच्या वेडापायी बोलते आहे. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती की तो आमच्या लॅबमधला निघेल. मग त्या खोलीत मी परत कशी पाऊल ठेवणार? आणि तळ्यातला निघाला, तर पुन्हा तळ्यावर कशी जाणार? काही असो, मला माहीत असायला हवं होतं.

डॉक्टरांनी परवानगीचे सोपस्कार करून वाढलेला अमीबा मॅडमना दिला. काही आठवड्यांनी फोन आला. मला फोनच्या पडद्याकडे बघणं जमत नव्हतं म्हणून अण्णांनी स्पीकर लावला होता.

"आपल्या लॅबचा नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी आणलेल्या गाळातही असा सापडला नाही. घरी गेल्यावर डोळा कशाने धुतलास?"

"नळाच्या पाण्याने," मी म्हटलं. बोटाने झालेला ओरखडा, आणि त्यावर तांब्यामागून तांब्या.

आमच्याकडे पाणी आधी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. वरची टाकी अण्णा दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, स्वतः आत उतरून घासायचे. त्या वर्षी पाण्याची टंचाई, टँकरने पाणी घेत होतो, म्हणून त्यांनी ती रिकामी केली नव्हती. अण्णा उठून गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात मॅडमसाठी तळाचा गाळ भरलेली बाटली होती आणि डोळे माझ्यापेक्षा लाल होते.

"अण्णा, कुठल्याही टाकीत असतो तो," मी म्हटलं. हे खरं होतं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत टाकी घासत होते. वरून येणारा खरखर आवाज मी पडून ऐकत होते.

गाळातला अमीबा माझ्या डोळ्यातल्याशी जवळजवळ पुरता जुळला. छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या, पण मला पुरेसं होतं.

डोळा हळूहळू शांत झाला. ठणका गेला, लाली गेली. कॉर्नियावर एक पांढुरका डाग उरला आहे. त्या डोळ्याने दिव्यांभोवती धुकं दिसतं, अक्षरं जरा फाटतात. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावर निभावलं हे नशीब समजा.

मी चष्मा लावून लॅबमध्ये परतले. त्यानंतर काही दिवसांनीच एका बाटलीतले अमीबा फुटले. मॅडमनी मला हाक मारली. मी डाव्या डोळ्याने बघितलं. फुटक्या अमीबांच्या मध्ये बारीक ठिपक्यांची गर्दी थरथरत होती. वर्षभर जे शोधत होतो ते हेच. बाटलीवरची चिठ्ठी वाचली. आमच्या गच्चीच्या टाकीतला गाळ होता तो. मॅडम आनंदाने माझा खांदा हलवत होत्या आणि मी चिठ्ठी परत वाचत होते. ज्या पाण्याने आम्ही चूळ भरतो, डाळ शिजवतो, त्यात हे किती काळ राहत होते?

घरी सांगितलं तेव्हा आईने हातातलं काम खाली ठेवलं.

"तो माणसाला काही करत नाही आई."

"आज करत नाही," आई म्हणाली.

मी उठून नळाचं पाणी उकळायला ठेवलं.

पुन्हा तळ्यावर जायचा दिवस आला तेव्हा अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे, मीही येतो." मी नको म्हटलं नाही. मी चष्म्यावरून मोठा गॉगल चढवला, मॅडमनी दोरी स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली. अण्णा काठावर छत्री धरून उभे. मी बाटली पाण्यात सोडली. वाऱ्याने फेसाचा एक पुंजका उडून गॉगलच्या काचेवर चिकटला आणि मी डोळे घट्ट मिटून तशीच उभी राहिले. मॅडमनी तो पुसून काढला. तरी डोळे उघडायला मला बराच वेळ लागला.