केतकीच्या नोट्समध्ये नसलेली ओळ

आधी माफी मागतो. लिहायला बसावं असा मी कुणी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. अर्ज आणि लग्नपत्रिका सोडल्या तर घरात कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. तरीही लिहितोय, कारण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, आप्पांना नाही, बायकोलाही नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं ती म्हणते. मी ऐकून घेतो.

सुरुवात आनंदापासून करू द्या. तो खोटा नव्हता.

मँचेस्टरच्या एका विद्यापीठात मी पाणीपुरवठ्याच्या विषयात एमएससी केलं. डिस्टिंक्शन मिळालं. आप्पा आमच्या तालुक्याच्या नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन — कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात. माझा पदवीदान समारंभ त्यांनी नगरपरिषदेतल्या कॉम्प्युटरवर पाहिला. मुख्याधिकारी साहेबांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली, मागे पाणी विभागाचा सगळा स्टाफ उभा. इकडे माझं नाव पुकारलं, मी स्टेजवरून चाललो, हात मिळवला, खाली उतरलो. बाहेर येतो तोच आप्पांचा फोन. म्हणाले, "त्या बाईनं नाव वाकडंतिकडं घेतलं. पण घेतलं." मागून कुणीतरी विचारलं, "आप्पा, आज गावाला पाणी सुटणार का नाही?" आणि सगळे हसले. त्या दिवशी पाणी दोन तास उशिरा सुटलं. एकही तक्रार आली नाही.

मी जिंकलो होतो. आजही तो दिवस आठवला की छाती भरून येते. ती भरून येत नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल — आणि माझ्या नावावर आधीच तीन आहेत.

तीन. मोजलेली आहेत.

केतकीबद्दल सांगतो. ती आमच्याच वर्गात होती. जन्म लंडनचा, घर तिथल्याच एजवेअर भागात, आजी-आजोबा फार पूर्वी पुण्याहून आलेले. वर्गात सगळे तिला केट म्हणत. तिला लहानपणापासून फार कमी ऐकू येतं. कानात मशीन असायचं, पण खरं काम डोळ्यांचं — समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं समजून घेई. मराठी तिनं आजीच्या तोंडाकडे बघून उचललं होतं, त्यामुळे ते थोडं सैल होतं, आणि त्याची तिला अजिबात लाज नव्हती. पहिल्या भेटीत तिनं माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तू तुझा मिशी कापशील? मला तुझा मराठी दिसत नाही."

मी दुसऱ्या दिवशी मिशी काढली. फोनवर आई हादरली. तिला वाटलं इकडे काढायलाच लावतात.

अशा विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ एक माणूस नेमतं. त्यानं शेजारी बसायचं, तासाला जे जे बोललं जाईल ते टाइप करायचं आणि संध्याकाळच्या आत पाठवायचं. केतकीसाठी ते काम मला मिळालं. का मिळालं? मी हुशार होतो म्हणून नाही. आमच्या कॉलेजात सर खुर्चीत बसून नोट्स सांगायचे, स्वल्पविरामासकट, आणि आम्ही उतरवून घ्यायचो. पाच वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. समजो न समजो, हात थांबत नसे. निवडीच्या चाचणीत बाकीच्यांनी मुद्दे लिहिले. मी सगळं लिहिलं, मध्ये कुणी शिंकलं तेसुद्धा. ते काम बघणाऱ्या बाई खूश झाल्या. त्यांनी एकच नियम सांगितला: ऐकू येईल ते सगळं लिहायचं. महत्त्वाचं काय, हे तू ठरवायचं नाहीस.

मी नियम पाळला. पहिले चार महिने पाळला. शिक्षकांचे विनोद लिहिले, मागच्या बाकावरचे टोमणे लिहिले. केतकी म्हणायची, तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की वर्ग कशाला हसतो. याचा मला केवढा अभिमान होता.

पण तिचे मार्क माझ्यापेक्षा बरे असायचे. माझ्याच नोट्स वाचून. हे मला — कसं सांगू — टोचायचं असंही नाही. मी फक्त दर वेळी बघायचो. स्वतःचे मार्क बघून झाले की तिचे विचारायचो. ती सांगायची.

आता त्या दिवसाकडे येतो. मघापासून टाळतोय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

फेब्रुवारीतली दुपार. गळतीवरचा तास. शिकवणारे ॲलन — इकडे शिक्षकांनाही नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून मात्र सरच यायचं — वयस्कर, भला माणूस, जरा विसराळू. केतकीकडे तोंड करून बोलायचं हे त्यांना माहीत होतं, बहुतेक वेळा लक्षातही असायचं. त्या दिवशी तास संपायला दोन मिनिटं होती. ते पाठ करून फळा पुसत होते, आणि पुसता पुसता बोलले. एका पाणी कंपनीबरोबर उन्हाळ्यातल्या प्रबंधासाठी एक जागा आहे. एकच. जमिनीखालच्या पाइपांचे आवाज ऐकून गळती शोधण्याचं काम. ज्याला हवं त्यानं शुक्रवारच्या आत त्यांच्या खोलीवर यावं. "ईमेल करणार नाही," ते म्हणाले, "मला शेवटपर्यंत ऐकणारा माणूस हवाय." वर्ग हसला.

माझी बोटं कीबोर्डवर होती. त्याआधीचं वाक्य टाइप करून झालं होतं. मी पूर्णविराम दिला, आणि हात उचलले.

हे पहिलं.

ती जागा म्हणजे काय होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जो तिथे प्रबंध करेल त्याला ती कंपनी बहुतेक ठेवून घेई. नोकरी म्हणजे व्हिसा. व्हिसा नाही तर परत — आणि परत जाऊन आप्पांना काय सांगणार होतो? केतकीला व्हिसाची काळजी नव्हती, हे खरं. पण तिला ती जागा नको होती का? तिनं डिसेंबरातच मला सांगितलं होतं की तिला गळतीवरच काम करायचंय. मला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

लॅपटॉप मिटत होतो तेव्हा तिनं माझ्या बाहीला धरलं. "शेवटी काय बोलला? सगळे हसले."

"काही नाही," मी म्हणालो. "सुट्टीबद्दल काहीतरी." आणि नीट, सावकाश, ओठ स्पष्ट हलवून म्हणालो. तिला समजावं म्हणून.

हे दुसरं.

संध्याकाळी फाइल पाठवली. तिचं उत्तर आलं, थँक यू, आणि एक हसरा चेहरा. शुक्रवारी मी ॲलनच्या खोलीवर गेलो. आणखी दोघं आले होते. जागा मला मिळाली.

चार दिवसांनी केतकीला कळलं. तिनं आधी माझं अभिनंदन केलं — मनापासून. तिला खोटं वागता येत नाही, सगळं चेहऱ्यावर दिसतं. मग ती ॲलनकडे गेली. भांडायला नाही, विचारायला, की आपल्याला कसं कळलं नाही. ते म्हणाले, "मी वर्गात सांगितलं होतं." तिनं माझ्या नोट्स काढून दाखवल्या. शेवटचं वाक्य, पूर्णविराम, संपलं. ती म्हणाली, "तो सगळं लिहितो. शिंकसुद्धा लिहितो."

हे मला ॲलननीच सांगितलं, मला जिन्यात गाठून. चेहरा उतरला होता त्यांचा. "तास संपल्यावर बोललो असेन मी, नाही का? तू आवरत होतास?"

मी मान डोलावली.

हे तिसरं. एक शब्दही न उच्चारता. त्यांनी स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, माझ्या नोट्सवर ठेवला. केतकीची त्यांनी लेखी माफी मागितली. ती त्यांच्यावर रागावली नाही. माझ्यावर रागावण्याचं तर कारणच तिला माहीत नव्हतं. जागा भरली होती. तिनं पावसाच्या गटारांवर प्रबंध केला, आणि त्यातही डिस्टिंक्शन घेतलं.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो की ते ऐकायचं काम होतं, तिला जमलंच नसतं, मी तिला अवघड प्रसंगातून वाचवलं. हा विचार इतका सोयीचा होता की पुढे तो मला खराच वाटू लागला. पण खरं सांगू? तो नंतर सुचला. हात उचलले त्या क्षणी माझ्या डोक्यात तिचे कान नव्हतेच. तिचे मार्क होते.

आणि आणखी एक. हे मी मराठीत का लिहितोय? केतकीला मराठी वाचता येत नाही. भित्रेपणा कुठवर जातो बघा.

उन्हाळा चांगला गेला. ते दिवस मला आवडले, हेही लपवत नाही. फुटपाथवरच्या झाकणात लोखंडी काठी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खालचं पाणी ऐकायचं. मला ते जमलं. कंपनीनं ठेवून घेतलं, पुढे नॉटिंगहॅमला बदली झाली. लग्न झालं. गेल्या वर्षी आई-आप्पा येऊन राहिले. आप्पा रोज सकाळी कॉलनीतले व्हॉल्व्ह बघत हिंडायचे आणि संध्याकाळी मला इथल्या लोकांच्या चुका सांगायचे. मी सुखी आहे. या सगळ्याच्या खाली ती ओळ आहे, एवढंच.

केतकीशी बोलणं हळूहळू थांबलं. तिनं नाही थांबवलं. तिचे मेसेज यायचे. मी उत्तराला उशीर करायचो, मग आणखी उशीर. ती लीड्सला गटारांची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात लागली, एवढं कानावर होतं. पुढचं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या मॅनेजरनं एक अहवाल सगळ्यांना पाठवला. पाइपांवर यंत्र बसवायचं, पाइपाची थरथर टिपायची, आणि तिचं स्क्रीनवर चित्र काढायचं. गळती असेल तर चित्रात दिसते. कानाची गरजच नाही. आमच्या भागात ही पद्धत वापरून पाहिली होती, आणि सोबत संशयित जागांची यादी होती. आमच्यातला सगळ्यात जुना गॅरी म्हणाला, "तीस वर्षं कानानं शोधतोय. आता चित्रं बघत बसायचं?" मी हसलो. मग शेवटचं पान उघडलं. पद्धत शोधणारीचं नाव होतं. आधी डॉक्टर, मग केतकी, मग तिचं ते आडनाव, जे इकडे कुणालाच धड म्हणता येत नाही.

नावाखाली तिची माहिती होती: दोन वर्षं गटारं केल्यावर ती पुन्हा विद्यापीठात गेली होती. ज्या दारातून मी तिला आत येऊ दिलं नाही, ते सोडून दुसऱ्या बाजूनं ती त्याच कामात शिरली होती. तिची दोन वर्षं गेली. ती मी घेतली. त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही.

यादी नीट वाचली. त्यातले दोन रस्ते माझे होते. गेल्या हिवाळ्यात मी स्वतः त्या दोन्ही ठिकाणी काठी लावून, श्वास रोखून ऐकलं होतं, आणि शेरा लिहिला होता: गळती नाही. गॅरी म्हणाला, "तू ऐकलंयस म्हणजे नसणारच. चित्र चुकलं." सगळ्या टीमला तसंच वाटत होतं. दोन्ही जागा खणून बघाव्यात, असा आग्रह मी एकट्यानंच धरला. का धरतोय, हे कुणाला सांगितलं नाही.

काल दुपारी मी ऑफिसात होतो. गॅरीचा फोन आला, रस्त्यावरूनच, मागे कॉम्प्रेसरचा आवाज. म्हणाला, खणलं. दोन्हीकडे पाणी गळतंय.