रेसगाडीचे जोड आणि माझं गार्ड

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळंच करतो. पण माझं नाव झालं ते गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी गार्डमुळे. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत कुठल्याही जीपला जाड पाइपचं चकचकीत गार्ड दिसलं, तर ते माझंच समजा. त्यातला एक जोड शोधून दाखवा, असं मी गिऱ्हाइकाला पैजेवर सांगायचो. वेल्डिंग झालं की ग्राइंडरने जोड घासून सपाट करायचा, वरून रंग मारायचा. आमच्याकडे यालाच कारागिरी म्हणतात. जोड दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं.

माझी मुलगी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी एक छोटी रेसगाडी बांधायला घेतली. सांगाडा पाइपचा आणि चालवणार ती. हे कळल्यावर तो सांगाडा मी दुसऱ्या कुणाच्या हाती कसा देईन? तरी तिने आधी माझ्याकडून नमुन्याचा एक जोड करून घेतला. कॉलेजातल्या यंत्रावर तो फाटेपर्यंत ताणला. पाइप फाटला, जोड नाही. मी आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं, अगदी चहावाल्यालासुद्धा.

सांगाडा पूर्ण झाला तेव्हा तिचे पेपर चालू होते. म्हटलं, पोरगी दमून येईल, तिला खूश करावं. दिवसभर बसून सगळे जोड घासले आणि काचेसारखे गुळगुळीत केले. संध्याकाळी ती आली, एका जोडावरून बोट फिरवलं आणि खालीच बसली.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"फिनिशिंग."

"घासला की जोड कमजोर होते. अन् स्पर्धेच्या तपासणीवाल्यायले जोड जसाच्या तसा दिसला पाहिजे. घासलेला ते घेतच नाईत."

"मी काय लबाड माणूस हाओ काय?" माझं डोकं फिरलं. "इतके वर्षं काय झक मारून राहिलो मी?"

"तुमी लबाड नाई. पण टक्कर तुमचं नाव नाई विचारत, बाबा. आत मी बसून राहीन."

मी ग्राइंडर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून सगळे पाइप नव्याने कापले, नव्याने जोडले. पेपर संपल्यावर ती पाइप धरायला येऊन बसायची. या वेळी जोड तसेच राहिले, माशाच्या खवल्यांसारखे, उघडे. मला ते दोन दिवस बघवले नाहीत.

पुढे बसवायची पातळ पत्र्याची पेटी ती घेऊन आली तेव्हा मात्र मला हसू आवरेना. "हे तं तेलाच्या पिप्यावानी चेपीन वं!"

"चेपाले म्हणूनच लावून राहिलो. धक्का त्या पेटीनं खायचा, म्हणजे मले कमी बसते. चेपायचं ते पुढचं, मी बसते तो पिंजरा नाई." मग तिने बाहेर उभ्या असलेल्या आमच्या घरच्या गाडीकडे बोट दाखवलं. "तिचंही पुढचं तोंड चेपाले म्हणूनच केलेलं असते. तुमी त्याच्यापुढे हे जाड गार्ड ठोकलं. आता धक्का सरळ आतल्या माणसाले."

"मंग आपल्या गाडीतही पिंजरा ठोकू!"

"डोक्यावर हेल्मेट नाई, अंगाले पट्टे नाईत. त्या पाइपावरच डोकं आपटन." पट्ट्यांचं तिने बरोबर पकडलं होतं. तिच्या गाडीत सहा पट्टे, खांद्यांपासून मांड्यांपर्यंत. माझ्या गाडीत एक, तोही सीटच्या मागून अडकवलेला, गाडीने टिंगटिंग करू नये म्हणून.

"काढा ते गार्ड, बाबा."

मी नाही म्हणालो. ते माझं पहिलं गार्ड होतं, आणि दुकानाची पाटीच होती म्हणा ना.

रेसगाडीतून बाहेर पडायचा सराव मात्र मीच तिच्याकडून करून घेतला. पट्टे सोडायचे, स्टिअरिंग काढायचं आणि उभं राहायचं, सगळं पाच मोजायच्या आत, असा स्पर्धेचा नियमच होता. मी समोर उभा राहून मोजायचो. आधी आठ व्हायचे, मग सात, शेवटी पाच.

चाचणी सकाळी कॉलेजच्या मैदानात होती. तिसऱ्या फेरीला ब्रेकचं तेल गळलं. गाडी थांबली नाही, त्या वेगात वळलीही नाही, सरळ भिंतीपाशी रचलेल्या टायरांत आणि टायरांसकट भिंतीत गेली. मोठा आवाज झाला. पोरंपोरी धावली, मला धावता येईना. तोंड मात्र आपोआप मोजायला लागलं. एक. दोन. तीन. चारला ती उभी राहिली.

हेल्मेट काढलं. माझ्याकडे येईल असं वाटलं, तर ती वाकून पिंजऱ्याचे जोड बघायला लागली. मग ओरडली, "बाबा, एकही जोड हलला नाई!" पुढची पेटी चेपून पार चपाती झाली होती. खवले खवले दिसणारे माझे जोड जागच्या जागी होते. मी तिथेच, सगळ्या पोरांदेखत, ढसाढसा रडलो. आयुष्यात पुष्कळ लोखंड जोडलं, पण असा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि त्यात माझा वाटा निम्माच होता.

त्याच दुपारी मी दुकानासमोर आमच्या गाडीचं गार्ड खोलायला बसलो. परतवाड्याचा एक जीपवाला, माझं जुनं गिऱ्हाईक, चहा पीत उभा होता. त्याच्या जीपला माझंच गार्ड.

"काहून काढून राहिले बाप्पा? गाडी बोडकी दिसते."

मी त्याला मैदानातून आणलेली चेपलेली पेटी दाखवली, सकाळी काय झालं ते सांगितलं, आणि म्हणालो, "या गाडीत माही पोरगी बसते."

त्याने स्वतःच्या जीपकडे बघितलं. चहाचा ग्लास खाली ठेवला.

"माही बी बसते," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे पाना मागितला.